दुपारचा अर्धा तास : गिरणीकामगारांच्या एका कलमाचा इतिहास

१

इ. स. १८८४ (शके १८०६) च्या ऑक्टोबर महिन्याच्या १५ व्या तारखेस मुंबई सरकारनें नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढें एक अर्ज दाखल झाला. त्यावर सुमारें साडेपांच हजार गिरणीकामगारांच्या सह्या होत्या. 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं हें काम अंगावर घेतलें होतें, आणि त्याआधीं सप्टेंबरच्या २३ व २६ या तारखांस मुंबईंत कामगारांच्या सभा भरवून अर्जांतील मागण्या मुक्रर केल्या होत्या. मागण्या एकंदर पांच. पहिली, दर रविवारीं पुरी सुटी असावी. दुसरी, कामाच्या प्रत्येक दिवशीं दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. तिसरी, काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावें. चौथी, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत हातीं पडावा. पांचवी, कामावर जबर इजा झाल्यास बरें होईपर्यंत पुरा पगार मिळावा आणि कायमचें अपंगत्व आल्यास निर्वाहाची तजवीज व्हावी.

या पांचांपैकीं दुसऱ्या कलमाचाच विचार आम्ही येथें करणार आहों. या त्रैमासिकाच्या वाचकांस सनदा, महजर, निवाडपत्रें, तहनामे यांच्या वाचनाचा नित्य परिचय आहे. गिरणीकामगारांचा अर्ज या मालिकेंत बसतो काय, असा प्रश्न कोणाच्या मनांत आल्यास त्यांत नवल नाहीं. आमच्या मतें तो बसतो. महजर म्हणजे तरी काय ? जमलेल्या लोकांनीं एका गोष्टीची ग्वाही देऊन खालीं आपल्या निशाण्या करणें. नांगराची, तराजूची, कट्यारीची निशाणी ज्या आदरानें आम्ही वाचतों, त्याच आदरानें ह्या साडेपांच हजार सह्यांकडे पाहणें आमचें कर्तव्य आहे. शिवाय जुन्या कागदांच्या अभ्यासकास जो भेद पदोपदीं करावा लागतो, तो म्हणजे वहिवाट निराळी आणि हक्क निराळा, त्याचें इतकें स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरें आढळलें नाहीं.

२

आमच्या जुन्या ग्रंथांतून चाकराच्या विसाव्याचा विचारच नाहीं, असें म्हणणें चुकीचें होईल. शुक्रनीतींत भृत्यांच्या वेतनाचा प्रपंच चालला असतां ग्रंथकार सांगतो कीं, चाकरास त्याच्या घरच्या कामाकरितां दिवसा एक याम व रात्रीं तीन याम मोकळे द्यावे. जो केवळ दिवसाचा चाकर असेल त्यास अर्धा याम द्यावा. याम म्हणजे प्रहर, अर्थात् तीन तास. तेव्हां दिवसाच्या चाकराच्या वांट्यास दीड तास आला. उपलब्ध शुक्रनीतीच्या काळाविषयीं मोठा वाद आहे. तींत बंदुका व दारू यांचें वर्णन असल्यामुळें ती अर्वाचीन असावी, कित्येकांच्या मतें तर ती एकोणिसाव्या शतकांतील आहे. म्हणून प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून आम्ही तें वचन पुढें करीत नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्र निःसंशय जुनें. १९०९ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्र्यांनीं तें छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत सूत्राध्यक्षाचें प्रकरण असून, सणाच्या तिथीस सूत काढवून घ्यावयाचें झाल्यास कामकऱ्यांस अधिक कांहीं देऊन तें काम करवावें, असा त्यांत आदेश आहे.

संस्कृताच्या अध्यापनांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याचें लक्ष अशा ठिकाणीं प्रथम वाक्याच्या कर्त्याकडे जातें. ह्या दोन्ही वचनांत कर्ता कोण ? एकांत देणारा स्वामी, दुसऱ्यांत काम करविणारा अध्यक्ष. विसावा 'द्यावा', काम 'करवावें'. उपदेश उदार असेल, परंतु तो स्वामीच्या कानांत सांगितलेला आहे. त्यानें तो मानला नाहीं तर चाकरानें कोणापुढें उभें राहावें, हें ग्रंथकार सांगत नाहीं. १८८४ च्या अर्जांत कर्ता बदलला. तेथें विसावा मिळावा असें म्हणणारा स्वतः कामकरी आहे आणि तो मालकाशीं न बोलता सरकारशीं बोलत आहे. हा फरक लहान नव्हे.

३

मुंबईंतील पहिली कापसाची गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं काढली. कंपनी १८५४ सालीं स्थापन झाली व १८५६ सालीं ताडदेव येथें सूत निघूं लागलें. त्या काळीं गिरण्यांचा दिवस सूर्याच्या हातीं होता. उजाडलें कीं काम सुरू, मावळलें कीं बंद. त्यामुळें हिंवाळ्यांत दिवस सुमारें दहा तासांचा, तर उन्हाळ्यांत तेरा-चौदा तासांचा होई. शेतावरील माणूसही उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबतो हें खरें ; परंतु बैल दमला म्हणजे त्याला थांबावें लागतें, आणि बैलाबरोबर धनीही झाडाखालीं बसतो. वाफेचें यंत्र दमत नाहीं. तें थांबवावें लागतें, आणि थांबविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं त्याच्याच हातीं शेंकडों माणसांचें जेवण गेलें.

आतां एक गोष्ट निःपक्षपातानें सांगितली पाहिजे. दुपारीं अर्धा तास इंजिन थांबविण्याची चाल मुंबईच्या कांहीं गिरण्यांत त्या वेळींही होती. मग जें कांहीं ठिकाणीं चालूच होतें त्यासाठीं साडेपांच हजारांनीं सह्या कां केल्या ? याचें उत्तर वतनाचे कागद वाचणाऱ्यास सांगावयास नको. चालत आलेली गोष्ट जोंवर कागदावर नाहीं, तोंवर ती देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. मालाला मागणी वाढली कीं अर्ध्या तासाचा पाव तास करतां येतो, आणि त्याबद्दल कोणास जाब देणें पडत नाहीं. एका गिरणीची चाल शेजारच्या गिरणीवर बंधनकारकही नाहीं. मुंबईच्या बाहेर तर अशी चालही दिसत नाहीं. खानदेशांतील सरकी काढण्याच्या कारखान्यांत हंगामाच्या दिवसांत पहाटे चार-पांचपासून रात्रीं आठ-नऊपर्यंत काम चाले, व फार घाई असली म्हणजे रात्रही दिवसास जोडली जाई, असें १८८४-८५ च्या त्याच कमिशनपुढें झालेल्या साक्षींवरून दिसतें. अशा कारखान्यांत कामकऱ्यांचा मोठा भाग स्त्रियांचा असे.

कायद्याचा विचार तत्पूर्वीं दहा वर्षें चालला होता. १८७५ सालीं मुंबई सरकारनें पहिलें कमिशन नेमलें, परंतु त्याच्या बहुमतानें कायद्याची जरूर नाहीं असा अभिप्राय दिला. सोराबजी शापूरजी बंगाली यांनीं १८७८ सालीं आपल्या बाजूनें विधेयकाचा मसुदा तयार केला. अखेर १८८१ सालीं पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसें व यांत्रिक शक्ति असलेल्या कारखान्यांस तो लागू होता. सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसाचे नऊ तास, त्यांत एक तास विसावा, आणि महिन्यास चार सुट्या, एवढी त्याची मजल. मोठ्या माणसांविषयीं, पुरुष असो कीं स्त्री, त्यांत विसाव्याचें अक्षर नव्हतें. जणूं बारा वर्षें पुरीं झालीं कीं माणसाची भूक बंद होते !

४

ह्या कायद्यांविषयीं एक मत आमच्या लेखनांत रूढ आहे. तें असें कीं, हे कायदे मजुरांच्या दयेनें झाले नसून मुंबईचा कपडा महाग व्हावा म्हणून मॅंचेस्टरच्या व्यापाऱ्यांनीं ते करविले. त्या काळच्या बहुतेक देशी वृत्तपत्रांनीं या कारणास्तव कायद्यास कडाडून विरोध केला. मॅंचेस्टरचा मत्सर खोटा नव्हता. त्याचा दाब विलायत सरकारवर होता हेंही खरें. परंतु एवढ्यावरून सर्व कायदा परक्यांच्या पोटदुखींतून निघाला असें अनुमान काढणें म्हणजे व्याप्ति तपासल्याविना हेतु मांडणें होय. कायदा कां झाला हा एक प्रश्न. कायद्यांत अमुक कलम कोठून आलें हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरांत मॅंचेस्टर येईल. दुसऱ्याच्या उत्तरांत १८८४ चा अर्ज आल्यावांचून राहात नाहीं.

१८९० सालचा घटनाक्रम पाहावा. त्या वर्षीं मार्चमध्यें बर्लिन येथें निरनिराळ्या राष्ट्रांची मजुरांच्या प्रश्नावर परिषद भरली आणि हिंदुस्थानचा कायदा सुधारण्याची निकड विलायतेंत वाढली. इकडे मुंबईंत एप्रिलच्या २४ व्या तारखेस सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली. तींत दोन स्त्रियांनीं भाषणें केलीं, ही गोष्ट त्या काळाच्या मानानें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जूनच्या १० व्या तारखेस गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें. सोराबजी बंगाली त्याचे सभासद होते, आणि मुंबईच्या चौकशीपुरते लोखंडे त्यास जोडलेले होते. म्हणजे सहा वर्षांपूर्वीं ज्यांनीं अर्ज लिहविला, तेच आतां चौकशी करणारांच्या शेजारीं बसले.

१८९१ चा अकरावा कायदा ता. १ जानेवारी १८९२ पासून अमलांत आला. कारखान्याची व्याख्या शंभरांवरून पन्नास माणसांवर आली. मुलांचें वय नऊ ते चौदा व तास सात झाले. स्त्रियांस दिवसाचे अकरा तास आणि त्यांत एकंदर दीड तास विसावा ठरला. आठवड्याची सुटी आली. आणि ज्यासाठीं हा लेख लिहिला तें कलम आलें : प्रत्येक कामाच्या दिवशीं दुपारीं बारा ते दोन यांच्या दरम्यान पुरा अर्धा तास काम बंद असलें पाहिजे. स्त्रियांचा दीड तास म्हणजे शुक्रनीतीचा अर्धा याम हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. हा केवळ योगायोग आहे. कायदा करणारांनीं शुक्रनीति उघडली होती असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं.

कलमाच्या रचनेंत एक विशेष आहे. यांत मालकानें विसावा द्यावा असें नाहीं, कामगारानें घ्यावा असेंही नाहीं. 'काम बंद पाहिजे' असें आहे. कर्ता काम. यामुळें कलमाचा भंग झाला कीं नाहीं हें ठरविण्यास साक्षीदार लागत नसे. दुपारीं रस्त्यावरून जाणाऱ्यासही गिरणीची घरघर थांबली कीं नाहीं हें कळे. मात्र याच कलमास एक दारही ठेविलें होतें : जेथें पाळ्यांची पद्धत मंजूर झाली असेल तेथें हा नियम लागू नाहीं. ह्या दारांतूनच पुढील इतिहास शिरला.

अर्जांतील उरलेल्या कलमांचें काय झालें तें येथेंच सांगून टाकूं. रविवार व अर्धा तास हीं दोन सात वर्षांत मिळालीं. इजेच्या भरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला. पगाराच्या मुदतीचा कायदा १९३६ सालीं झाला. पुरुषांच्या तासांस पहिली कायदेशीर मर्यादा १९११ सालीं पडली, व तीही कापडाच्या गिरण्यांपुरती. लोखंडे ता. ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं प्लेगच्या साथींत वारले. पांचांपैकीं दोनच कलमें त्यांच्या डोळ्यांदेखत कायद्यांत आलीं.

५

१९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचा अंमल संपला. मागणीच्या तेजींत कित्येक गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. पाठोपाठ ता. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षां ३९ मिनिटें पुढें होती. नव्या घड्याळाप्रमाणें भोंगा वाजूं लागतांच कांहीं गिरण्यांतील कामगार बिथरले, व प्रकरण दगडफेकीपर्यंत गेलें. हें अडाणीपणाचें लक्षण म्हणून पुष्कळांनीं हंसण्यावारी नेलें. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. ज्याचा सर्व दिवस दुसऱ्याच्या घड्याळावर विकला गेला आहे, त्यास घड्याळ कोण फिरवितो हा प्रश्न पोटाचाच आहे.

१९०७-०८ च्या कमिशनपुढें मालकपक्षाचा एक मुद्दा आला, तो विचारांत घेण्याजोगा आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, येथील कामगार विलायतच्या कामगारासारखा साच्यापाशीं सतत उभा राहात नाहीं. तो बाहेर आवारांत जातो, विडी ओढतो, हातपाय धुतो, घरून आलेली भाकर खातो. अशा रीतीनें दीड-दोन तास त्याचे सहज जातात. मग कायद्यानें आणखी विसावा कशाला ? ही वस्तुस्थिति कमिशननेंही मान्य केली. परंतु तीवरून निघणारें अनुमान उलट आहे. मनुष्य मधूनमधून बाहेर निसटतो, याचा अर्थ त्यास विसावा मिळतो असा नसून, जितका मिळतो तितका त्यास पुरत नाहीं असा आहे. आणि असा चोरून घेतलेला वेळ जॉबरच्या कृपेवर असतो. आज जॉबरनें डोळेझांक केली, उद्यां त्याच निमित्तानें दंड केला, तर दाद कोठें ? बहुमतानें पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालण्यास नकार दिला. डॉ. टी. एम. नायर यांनीं मात्र भिन्नमतपत्रिका जोडून ती मर्यादा घातलीच पाहिजे असें प्रतिपादिलें.

१९११ च्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांत पुरुषांस बारा तासांची मर्यादा घातली आणि विसाव्याच्या कल्पनेंत एक मोलाचा फेर केला. सहा तासांहून अधिक काळ कोणाकडूनही सलग काम घेऊं नये, मध्यें निदान अर्धा तास विसावा असावा, असा नियम आला. पूर्वीं मोजमाप यंत्राचें होतें. आतां तें माणसाचें झालें. १९२० सालच्या संपांनंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस आला. १९२२ च्या कायद्यानें आठवड्याचे साठ व दिवसाचे अकरा तास ठरविले, आणि सहा तासांनंतर पुरा एक तास विसावा सांगितला. कामगारांची मागणी असल्यास त्या एका तासाऐवजीं अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन विसावे घेण्याची मोकळीक ठेवली, मात्र तशा वेळीं सलग काम पांच तासांहून अधिक नसावें. १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ व दिवसाचे दहा तास केले. १९४६ सालीं आठवडा ४८ तासांवर आला.

स्वातंत्र्यानंतरचा १९४८ चा कायदा ता. १ एप्रिल १९४९ पासून अमलांत आला. त्याच्या ५५ व्या कलमानें सलग काम पांच तासांवर आणलें व त्यानंतर निदान अर्धा तास विसावा बांधून दिला. विशेष कारणास्तव लेखी हुकूमानें ही मर्यादा सहा तासांपर्यंत नेण्याची मुभा होती. विसाव्यासह सर्व दिवसाचा पसारा साडेदहा तासांच्या आंत असावा असें पुढच्याच कलमांत होतें. विसावा घ्यावयाचा तो कोठें, याचाही विचार त्यांत आला : दीडशेंहून अधिक कामगार असल्यास विश्रांतीची व जेवणाची खोली, अडीचशेंहून अधिक असल्यास उपाहारगृह. १८८४ च्या अर्जांतील एका ओळीचा विस्तार तो हा.

६

यंत्राच्या विसाव्याकडून माणसाच्या विसाव्याकडे झालेला हा प्रवास न्याय्यच होता. कारखाना अहोरात्र चालो, त्यांतील प्रत्येक माणूस मात्र पांच तासांनीं थांबला पाहिजे, हें तत्त्व अधिक शुद्ध आहे. परंतु त्यांत एक गोष्ट गमावली. इंजिन थांबलें तर तें रस्त्यावर ऐकूं येई. हजारांपैकीं एक माणूस आपल्या अर्ध्या तासास खरोखर थांबला कीं नाहीं, हें कानांस कळत नाहीं. तें कागदावरच दिसावयाचें. म्हणूनच कामाच्या वेळांचा तक्ता कारखान्यांत उघड लावावा, व तो इंग्रजींत आणि बहुसंख्य कामगारांस समजणाऱ्या भाषेंत असावा, असें बंधन पुढील कायद्यांनीं घातलें. १८९१ सालीं जी ग्वाही यंत्राची शांतता देई, ती आतां त्या भिंतीवरच्या कागदानें द्यावयाची होती.

हें सर्व आजच सांगण्याचें कारण असें. १९४८ च्या कायद्याची जागा २०२० सालच्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिति संहितेनें घेतली असून ती ता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अमलांत आली. दिवसाचे आठ तास संहितेच्या अंगांत लिहिलेले आहेत. विसाव्याचें मध्यंतर व दिवसाचा पसारा मात्र तींत आंकड्यांनीं दिलेला नसून, सरकार अधिसूचनेनें ठरवील तसा, असा आहे. यावरून विसावा गेला असें कोणी समजूं नये. अधिसूचनेचा अर्धा तासही अर्धाच तास असतो. परंतु मूळ सनदेंत लिहिलेला हक्क आणि सनदेच्या आधारें निघालेल्या हुकूमांतील हक्क यांचें वजन सारखें नसतें, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस आम्ही सांगावें असें नाहीं. सनद फिरविण्यास दरबार भरवावा लागतो. हुकूम फिरविण्यास कारकुनाची लेखणी पुरते. १८९१ पासून १९४८ पर्यंत हें कलम दर वेळीं कायद्याच्या मूळ लेखांत राहिलें, व बदललें तेव्हां विधिमंडळांत सर्वांच्या देखत बदललें. ही परंपरा आतां खंडित झाली, एवढी नोंद इतिहासकारानें करून ठेविली पाहिजे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. 'दीनबंधु' चे जुने अंक दुर्मिळ आहेत, व ज्यांच्या हातीं ते असतील त्यांनीं ते जपावे हें उघड आहे. परंतु त्याहूनही उपेक्षित असे कागद म्हणजे गिरण्यांतील वेळांचे तक्ते, पाळ्यांच्या नोटिसा, दंडाच्या पावत्या, हजेरीचीं बुकें. ता. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या. त्यांचीं दप्तरें रद्दींत गेलीं असतील तर नवल नाहीं. चाळींतल्या एखाद्या जुन्या पेटींत, वडिलांच्या पासाशेजारीं, असा घडी घातलेला तक्ता आढळल्यास तो टाकूं नये. त्यावर राजमुद्रा नसेल, मोर्तब नसेल. परंतु अमुक गिरणीत अमुक सालीं दुपारीं माणसें किती वेळ थांबत होतीं, हें सांगणारा तेवढाच एक कागद असेल. अर्ज कायद्यांत गेला हें आम्ही दाखविलें. तो कायदा गिरणीच्या आवारांत पोहोंचला कीं नाहीं, हें त्या तक्त्यावांचून कोणासही दाखवितां येणार नाहीं.